आईच्या इम्प्लांटभोवती सूज आणि पू. शेजारच्या दाढा वाचवायच्या आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो. प्रश्न माझ्या आईचा आहे. वय ६७, मधुमेहाच्या गोळ्या चालू, तंबाखू-मिश्रीची सवय कधीच नव्हती. खाली उजवीकडची पहिली मोठी दाढ किडल्यामुळे काढावी लागली आणि त्या जागी इम्प्लांट (हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ) बसवून वर कॅप लावली. सुरुवातीची काही वर्षं आई त्या बाजूने शेंगदाणेसुद्धा चावायची, कसलीच तक्रार नव्हती.

मग कॅप आणि तिच्या पुढची लहान दाढ यांच्यामध्ये अन्न अडकायला लागलं. मेथीचे देठ, कोथिंबीर, चिकनचे धागे, काहीही. कॅप नवी होती तेव्हा तिथून फ्लॉसचा दोरा जेमतेम जायचा, आता टूथपिक आरपार जाते. हळूहळू तिथली हिरडी लालसर-जांभळी झाली, ब्रश लावला की रक्त येतं, आणि परवा बोटाने दाबल्यावर पू दिसला. दुखत मात्र अजिबात नाही. त्यामुळे आईचं एकच पालुपद, "दुखत नाही ना, मग कशाला हात लावायचा?"

आरव्हीजी (दातांचा डिजिटल एक्स-रे) काढला. इम्प्लांटच्या वरच्या भागाभोवती हाड खोलगट झिजलंय. पण मला खरी धास्ती वेगळीच आहे. पुढच्या लहान दाढेचं हाडही इम्प्लांटकडच्या बाजूला थोडं खाली गेल्यासारखं दिसतं. एका डॉक्टरांचं म्हणणं, इम्प्लांट काढून टाका आणि ब्रिज (शेजारच्या दातांवर आधारलेला जोडदात) करा. दुसरे म्हणतात, हिरडी उघडून साफ करू, इम्प्लांट राहील. दोघांनीही शेजारच्या दाढांच्या हिरड्यांची खोली मोजली नाही. ब्रिज करायचा तर त्याच दोन दाढा घासून त्यांच्यावर भार टाकणार. ज्या दाढेची हिरडी आधीच संशयात आहे, तिच्यावर ब्रिज उभा करायचा निर्णय न मोजता कसा घ्यायचा? इम्प्लांट गेला तर वाईट वाटेल, पण आईची स्वतःची दाढ जायला नको.

सूज इम्प्लांटवरून शेजारी जाते की शेजारच्या दाढेवरून इम्प्लांटवर येते? ही फट नंतर कशी पडली? आणि नक्की कोणत्या डॉक्टरांकडे जायचं? हिरड्यांचं काम करणारं कुणी इथे असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद १

मी पेरिओडॉन्टिस्ट, म्हणजे हिरड्यांची डॉक्टर आहे, वाशीला प्रॅक्टिस करते. न तपासता निदान करणार नाही, पण तुमची काळजी अगदी योग्य जागी आहे.

आधी फटीबद्दल. नैसर्गिक दात आयुष्यभर किंचित पुढे सरकत राहतात. इम्प्लांट हाडाला थेट चिकटलेला असतो, तो जागचा हलत नाही. म्हणून इम्प्लांटच्या पुढच्या बाजूला काही वर्षांनी फट पडणं हे बऱ्याच जणांत दिसतं. तिथे अन्न दाबून बसलं की दोन्हीकडच्या हिरडीला त्रास होतो, आणि लहान दाढेला त्या बाजूने कीडही लागू शकते. कीड आहे का, हे त्याच आरव्हीजीत बघायला सांगा.

आता सूज. दात आणि हाड यांच्यात तंतूंचा थर असतो आणि हिरडीचे तंतू दाताच्या मुळात शिरलेले असतात. इम्प्लांटला तो थर नाही. तिथे हिरडी कॉलरसारखी नुसती वेढून बसलेली असते, रक्तपुरवठाही कमी. म्हणून सूज हाडापर्यंत लवकर पोचते. फक्त हिरडी सुजली असेल तर म्युकोसायटिस, ती नीट सफाईने पूर्ण बरी होऊ शकते. हाड झिजलं की पेरि-इम्प्लांटायटिस. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार जुने एक्स-रे हाताशी नसतील तर तपासताना रक्त किंवा पू, ६ मिमी किंवा जास्त खोलीचं पॉकेट (हिरडीच्या आतली खाच) आणि ३ मिमी किंवा जास्त हाड गेलेलं, असं असेल तर पेरि-इम्प्लांटायटिस धरतात. कॅप बसवतानाचा एक्स-रे जुन्या क्लिनिकमधून जरूर मागा. त्याच्याशी तुलना झाली की बरंच स्पष्ट होईल.

दिशा दोन्ही असू शकतात. ज्यांना आधीपासून हिरड्यांचा आजार आहे त्यांच्यात इम्प्लांटला धोका जास्त, कारण जंतू त्याच तोंडात असतात. म्हणून फक्त एका इम्प्लांटवर उपचार करणं मला पटत नाही. सगळ्या दातांचं चार्टिंग हवं, म्हणजे प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी पॉकेटची खोली मोजून लिहायची. साधारण ३ मिमीपर्यंत ठीक, त्यापुढे लक्ष द्यायचं. इम्प्लांटभोवतीही हलक्या हाताने प्रोब (खोली मोजायची बारीक सळी) घालून मोजायचंच असतं, त्याने इम्प्लांट खराब होत नाही. लहान दाढेला थंड लावून नस जिवंत आहे का तेही बघायला हवं.

क्रम असा ठेवा: एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) बघून साखर आटोक्यात, पूर्ण तोंडाची सफाई, आणि कॅप स्क्रूची असेल तर काढून खालून साफ. दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. पॉकेट तसंच राहिलं तर फ्लॅप सर्जरीचा, म्हणजे हिरडी उघडून साफ करण्याचा विचार. इम्प्लांट स्वतः हलत असेल तर मात्र काढावाच लागतो. नुसत्या अँटिबायोटिकच्या कोर्सने हे बरं होत नाही, पू थांबल्यासारखा वाटतो आणि परत येतो. आणि शेवटी फट बुजवायलाच हवी, कॅप बदलून किंवा लहान दाढेला त्या बाजूने फिलिंग करून. नाहीतर सगळी मेहनत वाया.

प्रतिसाद २

ऐरोलीहून लिहितोय. माझ्या वडिलांची कॅप हलायला लागली तेव्हा आम्ही इम्प्लांटच गेला म्हणून घाबरलो होतो. प्रत्यक्षात आतला स्क्रू ढिला झाला होता, इम्प्लांट घट्ट होता. तेव्हा "हलतंय" कळलं तरी काय हलतंय ते आधी विचारा. कॅप सिमेंटने चिकटवलेली असेल तर हिरडीखाली उरलेलं सिमेंटही सूज धरून ठेवतं, वडिलांचं तेच निघालं. जुन्या डॉक्टरांकडून इम्प्लांटची कंपनी आणि साईज लिहून घ्या. स्क्रू उघडायला नव्या डॉक्टरांना ते लागतंच.

प्रतिसाद ३

तिसरं मत हवं असेल तर डेंटल कॉलेजात पेरिओडॉन्टिक्स विभाग असतो. ठाण्याहून नेरूळची थेट लोकल आहे, तिथे डी. वाय. पाटील आणि तेरणा दोन्ही आहेत. बेलापूरला भारती विद्यापीठ. वेळ जातो, पण मोजमाप कागदावर व्यवस्थित मिळतं. काकूंना हाडांच्या ठिसूळपणाची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर स्वतःहून बंद करू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला आठवड्याला एक हाडांची गोळी आहे आणि ती दोन्हीकडे कुणी विचारलीच नव्हती, आता फाइलवर वरच लिहून ठेवली. जुन्या क्लिनिकमध्ये फोन केला, कॅप सिमेंटची आहे असं कळलं, एक्स-रे शोधून देतो म्हणाले. सोमवारी नेरूळला जातोय. काढण्याचा निर्णय मोजमाप झाल्याशिवाय घेणार नाही, हे आईलाही पटलंय.

डॉक्टर, तोवर एकच विचारते. त्या फटीत इंटरडेंटल ब्रश फिरवला तर चालेल का? रक्त येतं म्हणून आई तिथे हात लावायला घाबरते.

प्रतिसाद १

फिरवा, रोज रात्री. तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असलेला घ्या आणि फटीत जोर न लावता जाईल असाच साईज. रक्त सुजेमुळे येतं, ब्रशमुळे नाही. घाण निघत गेली की बहुतेक वेळा ते कमी होत जातं. टूथपिक बंद करा. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश थोडे दिवस चालेल, लांबवू नका, दातांवर डाग पडतात. ताप आला किंवा गालावर सूज आली तर सोमवारची वाट बघू नका.