बाबांचं सारखं पडणं: पार्किन्सन्सच की आणखी काही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबा ७४ वर्षांचे, पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. लेवोडोपा-कार्बिडोपा चालू आहे, थरथर बऱ्यापैकी आटोक्यात. पण दोन महिन्यांत पाच वेळा पडले. डॉक्टरांना सांगितलं की एकच उत्तर, "या आजारात तोल जातोच." जातो, मान्य. तरी मला ते पटेना, म्हणून कधी, कुठे, काय करताना पडले ते वहीत लिहायला लागले.

तीनदा जेवण उरकून खुर्चीतून उठले, चार पावलं टाकली आणि कोसळले. एकदा पहाटे लघवीला उठताना. "डोळ्यांपुढे अंधारी आली" असं ते म्हणालेही होते, आम्हीच कानाआड केलं. पाचव्या वेळी दारात पाय जमिनीला चिकटले आणि धड पुढे गेलं. ते फ्रीझिंग, आमच्या ओळखीचं.

काल घरीच बीपी घेतलं. आडवे असताना १४६/८४, उभं राहून तीन मिनिटांनी ११२/७०. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तरी ती दखल घेण्याजोगी घसरण असते, इथे दोन्ही उतरलेत. दवाखान्यात मात्र आजवर खुर्चीत बसवूनच मोजलंय, म्हणून नेहमी नॉर्मल!

त्यात बीपीची गोळी, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन आणि लेवोडोपा, तिन्हींनी बीपी उतरू शकतं. न्यूरोलॉजिस्ट म्हणतात फिजिशियनला विचारा, फिजिशियन म्हणतात न्यूरोलॉजिस्टना. (मनाने काही बंद करणार नाही, काळजी नसावी.) कुणी यातून गेलंय का? दोघांपैकी कुणाला धरून बसू?

प्रतिसाद १
ताई, सासूबाईंचं असंच होतं. आम्ही न्यूरोलॉजिस्टनाच धरलं. आडवं-उभं बीपी आठवडाभर लिहून तो कागद समोर ठेवला, मग त्यांनीच फिजिशियनना फोन करून गोळ्या बदलल्या. जेवण थोडं थोडं विभागून, उठण्याआधी पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसणं, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच, एवढ्याने बराच फरक पडला. बी१२ तपासलंय का? कमी असेल तर तळपायांची जाणीव बोथट होते. आणि चष्मा बायफोकल असेल तर पायरी उतरताना खालचं धूसर दिसतं, तेही बघा.

धागाकर्ती
बी१२ कधीच तपासलेलं नाही. चष्मा बायफोकलच आहे, हे तर डोक्यातच आलं नव्हतं! आजपासून कागद सुरू करते. मोजायचं सकाळी गोळीच्या आधी की नंतर?

प्रतिसाद १
दोन्ही वेळा. आणि जेवणानंतर तासाभराने एकदा, तुमच्याकडे खरी गोम तिथेच दिसतेय. उभं करून मोजताना दुसरं कुणीतरी शेजारी हवंच.