कर्णबधिरांनी ओठ वाचायचे, की आपण थोडं बदलायचं?

खिडकीजवळ: माझ्या शेजारी बसणारा सहकारी कर्णबधिर आहे. कामात आमच्यापेक्षा चोख. पण मीटिंगमध्ये गप्प, म्हणून दरवर्षी शेरा ठरलेला: 'पुढाकार घेत नाही'. चौघं एकदम बोलतात, पाचवा फळ्याकडे तोंड करून. तो कुणाकुणाचे ओठ बघणार? सगळे हसले की तोही हसतो. एकदा मी कागदावर विचारलं, कळलं का? त्याने लिहिलं, "नाही. विचारलं की 'काही विशेष नाही' म्हणतात." त्याची बढती कानांमुळे नाही, आपल्या सवयींमुळे अडली आहे. मीटिंगला सांकेतिक भाषेचा दुभाषी द्या, निदान पडद्यावर कॅप्शन तरी.

रोखठोक: असहमत. जग बोलतं, नोकरीही बोलणाऱ्यालाच मिळते. माझ्या भाच्याचं दीड वर्षाचा असताना कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात ऐकण्याचं यंत्र बसवलं. पुढे कित्येक वर्षं बहीण त्याला स्पीच थेरपीला नेत होती. आज तो फोनवर गप्पा मारतो. खुणांच्या नादी लागला असता तर मूकबधिरच राहिला असता.

खिडकीजवळ: भाच्याचं कौतुकच आहे. पण सगळ्यांना इम्प्लांटचा सारखा उपयोग होत नाही. उरतं ओठ वाचणं. आरशासमोर आवाज न काढता 'पापा, बाबा, मामा' म्हणून बघा.

हातवारे: मी स्वतः कर्णबधिर. मुकी नाही, तेव्हा 'मूकबधिर' नको. 'खुणांचा नाद' म्हणे! १८८० साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी हेच ठरवलं: शाळेत फक्त बोलणं. ठरवणारे जवळपास सगळे ऐकू येणारे. त्यानंतर कित्येक शाळांत खुणा बंद झाल्या आणि कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, ती हातवाऱ्यांची करमणूक नव्हे (माझं टोपणनाव थट्टेने घेतलंय). वॉशिंग्टनचं गॅलॉडेट विद्यापीठ कर्णबधिरांसाठीच, १८६४ पासूनचं. तिथेही पहिला कर्णबधिर अध्यक्ष १९८८ मध्ये मिळाला, तोही विद्यार्थ्यांनी आठवडाभर आंदोलन केल्यावर.

आणि खिडकीजवळ, नुसत्या कॅप्शनने भागत नाही. अर्धे निर्णय मीटिंग संपल्यावर दारात उभ्याउभ्या होतात. तिथे कुठली कॅप्शन?

रोखठोक: शब्द चुकला, माफ करा. आरशासमोर करून पाहिलं, तिन्ही वेळा ओठ तसेच. मानलं. इम्प्लांटबद्दलचं मत मात्र बदलणार नाही.

हातवारे: बदलू नका. पोहायला जाताना भाचा त्या यंत्राचा बाहेरचा भाग काढून ठेवतो, तेव्हा तुम्ही त्याच्याशी कसं बोलता, तेवढं सांगा.