उत्तर: कोड येत नाही, तर मुक्त सॉफ्टवेअरमध्ये माझं काय काम?

वर ऐरोलीच्या ताईंनी विचारलंय की कोड लिहिता येत नसेल तर मुक्त सॉफ्टवेअरच्या (ज्याचा कोड कुणालाही पाहता, बदलता येतो) कामात जाऊन करायचं काय. मी नौपाड्यात गणिताच्या शिकवण्या घेतो, प्रोग्रॅमिंग शून्य. तरी सहा वर्षं एका ऑफिस सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरात आहे.

सुरुवात रागातून झाली. मेन्यूतला एक मराठी शब्द वाचून मुलगी खो खो हसली. मी खातं उघडून दुसरा शब्द सुचवला. दोन महिने कुणी ढुंकूनही पाहिलं नाही! (बरेच जण इथेच गळतात. मीही जवळजवळ गळालोच होतो.) मग एकाने विचारलं, ‘हा शब्द बाकी खिडक्यांतही बदलायचा का?’ गर्दीच्या लोकलमध्ये कुणी सरकून चौथी सीट द्यावी, तसं वाटलं. अर्धंच बूड टेकतं, पण डब्यातले झालो. पुढे इतरांच्या सूचना तपासायला लागलो, आणि ओळख खरी त्यानेच झाली. स्वतःच्या भाषांतरांनी नव्हे.

बाकी ‘कोडवालेच खरे’ ही तक्रार खोटी नाही. डेबियन ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम, १९९३ पासूनचा प्रकल्प. पॅकेज (इन्स्टॉल करायला तयार असं सॉफ्टवेअरचं गाठोडं) न बनवणाऱ्यांनाही मताधिकारासह पूर्ण सदस्य म्हणून सामावून घ्यायचा ठराव तिथे मतदानाने झाला तो २०१० साली.

ताई, तुम्ही रोज कुठलं सॉफ्टवेअर वापरता? त्यात सगळ्यात जास्त खटकतं काय, तेवढं लिहा. मग नेमकं कुठे जायचं ते सांगतो.