नेटवर्क फाइलसिस्टिमचं एकच मॉड्युल फोडताना डेपमॉड अडतंय

रामबाग_इंदूर
मंडळी, इथल्या एका कॉलेज लॅबच्या नेटवर्क फाइलसिस्टिमचा (दुसऱ्या मशीनवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायची सोय) क्लायंट लिनक्स कर्नलच्या एकाच मॉड्युलमध्ये (हवा तेव्हा लोड-अनलोड होणारा कोड) कोंबलेला आहे, प्रोटोकॉलच्या दोन्ही आवृत्त्यांसकट. एनएफएससारखं (लिनक्समधली अशीच नेटवर्क फाइलसिस्टिम) एक मुख्य आणि दोन आवृत्त्यांची दोन, अशी मॉड्युलं केली. कंपाइल होतात, पण इन्स्टॉल करताना डेपमॉड (कोणतं मॉड्युल कोणावर अवलंबून ते काढणारं साधन) ‘सायकल डिटेक्टेड’, म्हणजे अवलंबनाचं वर्तुळ सापडलं, म्हणतं. लागतील ते सगळे सिम्बॉल (फंक्शनांची वगैरे नावं) इतर मॉड्युलांसाठी एक्स्पोर्ट केलेत. चुकतंय कुठे?

सियागंज_कर्नल
सगळे एक्स्पोर्ट केलेत, तिथेच. आवृत्तीचं मॉड्युल मुख्य मॉड्युलची फंक्शनं वापरणारच. उलट दिशेने एकही नाव जाता कामा नये. लिनक्स ३.६ मध्ये (२०१२) एनएफएस क्लायंट फोडला तेव्हा हेच केलं. एनएफएसव्ही३ (आवृत्ती ३ चं मॉड्युल) लोड झालं की रजिस्टर_एनएफएस_व्हर्जन बोलावून आपलं स्ट्रक्चर मुख्य मॉड्युलच्या यादीत टाकतं. त्यात ओनर (मालक मॉड्युल), आरपीसी (सर्व्हरला नेटवर्कवरून कॉल) आवृत्ती, आरपीसी ऑप्स आणि सुपरब्लॉक ऑप्स; ऑप्स म्हणजे फंक्शनांचे पॉइंटर. मुख्य मॉड्युल पुढे फक्त त्या पॉइंटरांतून बोलतं.

माउंटच्या वेळी यादीत आवृत्ती सापडली नाही तर रिक्वेस्ट_मॉड्युलने तिचं मॉड्युल लोड करायला सांगून पुन्हा शोधायची. तरी नाही मिळाली तर ‘प्रोटोकॉल नॉट सपोर्टेड’. सापडली की ट्राय_मॉड्युल_गेट (मॉड्युल वापरात असल्याची नोंद) विसरू नका, नाहीतर चालू माउंटखालून कोणी आरएमएमॉड करून मॉड्युल काढून जाईल.

छावणी_सी
सर बरोबर सांगतायत. शिवाय कोडात ‘इफडेफ कॉन्फिग…’ (मॅक्रो असेल तरच पुढचा कोड घेणारी अट) शोधा. बिल्डचा पर्याय एम (वेगळं मॉड्युल; वाय म्हणजे कर्नलमध्येच, एन म्हणजे नको) केला की तो मॅक्रो नसतोच, शेवटी _मॉड्युल लागलेला दुसराच असतो. तो भाग गुपचूप गळतो, एररही येत नाही. तिथे वाय आणि एम दोन्हींना चालणारं इज_एनेबल्ड वापरा. पण मुख्य कोड वाय आणि आवृत्ती एम असताना त्याच्या आड थेट कॉल ठेवलात तर लिंकर ओरडणारच.

फाइली हलवण्याचा कमिट वेगळा ठेवा, त्यात एक ओळही सुधारू नका. प्रत्येक कमिटनंतर आवृत्तीचा पर्याय वाय, एम, एन तिन्ही करून बिल्ड. कंटाळवाणं आहे, पण नंतरचं बायसेक्ट (बिघाड कोणत्या कमिटने आणला ते शोधणं) सोपं जातं.

रामबाग_इंदूर
सायकल गेली, आभार. मुख्य मॉड्युल दोन जागी आवृत्तीचं फंक्शन नावाने बोलवत होतं. आता नवीनच: चालू मशीनवर माउंट होतं, पण रूट (सगळ्यांत वरचं मूळ फोल्डर) याच फाइलसिस्टिमवर असलेल्या डिस्कलेस मशीनवर बूटमध्ये ‘प्रोटोकॉल नॉट सपोर्टेड’.

सियागंज_कर्नल
मुख्य मॉड्युलकडून आवृत्तीकडे नातं ठेवलं नाही, तेच आता इथे नडलं. मुख्य मॉड्युलवर मॉडइन्फो (मॉड्युलची माहिती दाखवणारं साधन) चालवून ‘डिपेंड्स’ बघा, आवृत्तीचं नाव तिथे नसणारच. सिम्बॉलचं नातं नाही, म्हणून इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी इमेज) बनवणारं साधन ते उचलत नाही. त्याच्या मॉड्युलांच्या यादीत नाव हाताने घाला नि इमेज पुन्हा बनवा.

आणि एक, इनोडची (प्रत्येक फाइलची कर्नलमधली नोंद) कॅश ज्या मॉड्युलमध्ये असेल त्याच्या एक्झिटमध्ये कॅश मोडण्याआधी आरसीयू_बॅरियर आहे ना, पाहा. इनोड आरसीयूतून (वाचणारे संपेपर्यंत थांबून मेमरी सोडायची कर्नलची पद्धत) मोकळे होत असतील तर उरलेला कॉलबॅक अनलोड झालेल्या कोडवर उडी मारतो, आणि तो क्रॅश दर वेळी होत नाही.