मदत हवी आहे : समुद्राच्या पाण्याची क्षारता (खारेपणा) कमी असताना केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे अंशांत मोजलेले प्रमाण) जास्त का येतो?

नमस्कार. रत्नागिरीत माझ्याकडे दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीत क्लाउनफिशची एक जोडी, झोअँथिड या मऊ, प्रवाळासारख्या प्राण्यांच्या दोन वसाहती आणि दगडांवर हळूहळू पसरलेले गुलाबी चुनखडी शैवाल आहे. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणून ते मी ठेवलेले नाहीत. समुद्रातून पाण्याखेरीज मी काहीही आणत नाही.

पावसाळ्याचे चार महिने मी आरओच्या पाण्यात खाऱ्या टाकीसाठीचे तयार मीठ विरघळवून पाणी बदलते आणि बाकी वर्षभर समुद्राचेच पाणी वापरते. यंदाचे पावसाळ्यानंतरचे पहिले पाणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आले. मिरकरवाड्याहून मासेमारीला जाणाऱ्या ओळखीच्या काकांनी भाट्याच्या खाडीचे तोंड बरेच मागे टाकून, आठ वाव खोल पाण्यावर, भरती पूर्ण झाल्यावर वीस लिटरचे दोन कॅन भरून दिले. पाणी दिसायला स्वच्छ होते, पण रात्रभर स्थिर ठेवल्यावर कॅनच्या तळाशी करड्या गाळाचा पातळ थर बसला.

रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता मोजणाऱ्या उपकरणावर) क्षारता दर हजारी 31 आली. आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्य जुळवले तेव्हा ती 33 दिसत होती. मग 36.5 ग्रॅम शुद्ध मीठ आणि 963.5 ग्रॅम डिस्टिल्ड पाणी यांचे द्रावण केले, कारण त्याचा अपवर्तनांक 35 क्षारतेच्या समुद्राच्या पाण्याइतका असतो. त्यावर उपकरण जुळवल्यावर 31 आले आणि तीन वेळा तेच आले, म्हणून या आकड्यावर माझा विश्वास आहे. कॅल्शियम 370 आणि मॅग्नेशियम 1150 मिलिग्रॅम प्रति लिटर निघाले. खुल्या समुद्रात 35 क्षारतेला कॅल्शियम साधारण 410 आणि मॅग्नेशियम 1285 च्या आसपास असते, आणि पाणी पातळ झाले तरी मुख्य क्षारांचे आपसातले प्रमाण जवळजवळ तेच राहते. त्या हिशेबाने 31 ला अनुक्रमे 365 आणि 1140 यायला हवेत, म्हणजे हे दोन्ही आकडे चोख जुळतात.

अडचण केएचची आहे. समुद्राच्या पाण्याचा केएच 35 ला साधारण 6.5 धरला, तर 31 ला तो 5.8 च्या आसपास असायला हवा. माझी चाचणी मात्र 7.4 दाखवते. थेंब टाकत गेल्यावर निळसर हिरवा रंग एकदम गुलाबी व्हायला हवा, पण या पाण्यात तो गुलाबी होऊन हलवल्यावर पुन्हा मावळतो, आणखी दोन थेंब टाकल्यावर परत गुलाबी होतो आणि काही क्षणांनी पुन्हा फिकट पडतो. टाकीच्या पाण्यावर हीच चाचणी केली की रंग एका थेंबात बदलतो आणि तसाच टिकतो. तेच पाणी फिल्टर पेपरमधून गाळून पुन्हा तपासले, तेव्हा केएच 6.8 आला आणि रंगही बऱ्यापैकी टिकला.

मला विचारायचे आहे ते असे. गाळलेल्या पाण्याचा आकडा खरा मानावा का? तो मानला, तरी 5.8 पेक्षा एक अंश जास्त कशामुळे? आणि क्षारता 35 वर आणण्यासाठी तयार मीठ मिसळले, तर केएच आणखी वर जाऊन टाकीला धक्का बसेल का? टाकीचा केएच सध्या 8 आहे. ही मासळीची जोडी माझ्याकडे सहा वर्षांपासून आहे, त्यामुळे अंदाजाने पाणी ओतण्याची माझी तयारी नाही.

प्रतिसाद

आपण पाणी गाळून पाहिलेत, हे फार चांगले केलेत. मावळणारा रंग हीच खूण आहे. गाळात शिंपल्यांचा बारीक चुरा असेल, तर चाचणीतले आम्ल त्या चुन्यावर खर्च होते, म्हणून आकडा फुगतो आणि रंग मागे फिरतो. गाळलेल्या पाण्याचाच आकडा धरावा.

उरलेल्या फरकाला दोन कारणे असू शकतात. नदीचे पाणी गोडे असले तरी त्यात बायकार्बोनेट असते, त्यामुळे खाडीमुखाजवळ केएच क्षारतेइतका उतरत नाही. भाट्याच्या खाडीत येणाऱ्या काजळी नदीच्या पाण्याचा केएच तीनच्या आसपास धरला, तरी आपल्या नमुन्यातल्या साधारण अकरा टक्के गोड्या पाण्यामुळे तो 0.3 ने वाढेल. तेवढ्याने 6.8 होत नाही, म्हणून चाचणीचे किटच तपासा. 2.1 ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, त्यातले 100 मिलिलिटर घेऊन पुन्हा एक लिटर करा. या द्रावणाचा केएच 7.0 असतो. बेकिंग पावडर मात्र चालणार नाही.

मिठाची काळजी नको. 31 वरून 35 वर येण्यासाठी लिटरमागे चार ग्रॅमच्या थोडे वर मीठ लागेल. मिठाचा केएच 35 ला 9 असेल, तर वाढ जेमतेम एक अंशाची होईल. गाळ तळाशी बसू द्या आणि वरचे पाणी नळीने काढून घ्या.

धागाकर्तीकडून

मनापासून आभार. सोड्याचे द्रावण दोनदा केले आणि दोन्ही वेळा किटने 7.5 दाखवला, म्हणजे माझे किट सात टक्के जास्त सांगते. त्या मानाने गाळलेल्या पाण्याचा केएच 6.35 च्या जवळ येतो आणि आपण सांगितलेला नदीचा वाटा धरला, तर फरक अगदी किरकोळ उरतो. टाकीचा 8 हा आकडाही आता 7.5 समजायला हवा. वीस लिटरमध्ये 85 ग्रॅम मीठ घालून पाणी रात्रभर पंपाने फिरत ठेवले आहे. सकाळी क्षारता, कॅल्शियम आणि केएच पुन्हा तपासून आकडे इथेच लिहीन, आणि ते जुळले तर पहिल्या वेळी फक्त दहा लिटर बदलेन.