प्लेटलेटचा आकडा आणि आकार

'प्लेटलेट अडीच लाख आल्या, म्हणजे मधुमेहाचा तिथे काही परिणाम नाही' असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. मधुमेहात प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींची, संख्या बहुधा नॉर्मलच असते, बदलतो तो स्वभाव. साखर सतत चढी राहिली की प्लेटलेट जरा कशाने चिडतात, एकमेकींना चिकटतात, लवकर संपतात. मग अस्थिमज्जेतून नव्या, आकाराने मोठ्या प्लेटलेट भराभर बाहेर पडतात. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टात 'एमपीव्ही' असतो ना, तो हाच सरासरी आकार. आपण कुणी तिकडे बघत नाही.

पण बघितलात तर लगेच घाबरूही नका. माझ्या आईचा एमपीव्ही एकदा १२.६ आला आणि घरात गूगलचा तास भरला. नंतर कळलं की रक्त सकाळी ७ला घरून नेलं होतं आणि मशीनवर लागलं दुपारी. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएत (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात) प्लेटलेट तासन्‌तास पडून राहिल्या की फुगतात! दोन दिवसांनी लॅबमध्येच जाऊन दिलं, तर १०.४. आणि हो, हा आकडा पाहून मनानेच ॲस्पिरिन (प्लेटलेटना चिकटू न देणारी गोळी) सुरू करू नका. २०१८च्या 'असेंड' चाचणीत हृदयविकार नसलेले १५,४८० मधुमेही होते. रोजच्या १०० मिग्रॅ गोळीने हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरेंचं प्रमाण ९.६ वरून ८.५ टक्क्यांवर आलं खरं, पण मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेला.