दिवाळीच्या सुटीत व्हिएतनाम : दहा दिवसांच्या रजेत किती गावे बसवावीत? (कोल्हापूरकरांची चर्चा; लिहिणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा परिसर दिला आहे.)

राजारामपुरी :

भाऊबीज आटोपली की आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, सातवीतला मुलगा आणि ६७ वर्षांच्या सासूबाई, व्हिएतनामला जाणार आहोत. चौघांपैकी कोणीही आजवर देशाबाहेर गेलेले नाही. भिशीचे पैसे आणि दोन वर्षांची बचत यातून हा प्रवास उभा राहिला आहे, त्यामुळे त्याची आखणी मी फार मनापासून करते आहे.

पहिला आराखडा मी लोकांची प्रवासवर्णने आणि चित्रफिती पाहून केला होता. हनोई, सापा, निन्ह बिन्ह, हा लाँगचा उपसागर, हुए, होई आन, हो ची मिन्ह सिटी आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश अशी आठ ठिकाणे त्यात होती आणि कागदावर ती सुबक बसलीही होती. मग एका रविवारी मी दिवसांऐवजी अर्धे दिवस मोजायला बसले आणि तो आराखडा टिकला नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने निघणार. दुसरा दिवस मुंबईत आणि रात्री विमान. तिसऱ्या दिवशी सकाळी हनोईत उतरू तेव्हा दोन रात्री अंग नीट टेकलेले नसेल, शिवाय बहुतेक हॉटेलांत खोली दुपारीच मिळते, म्हणजे ती सकाळ गेली. आठव्या दिवशी संध्याकाळी परतीचे विमान, त्यामुळे ती दुपारही गेली. नववा दिवस मुंबई, दहाव्या दिवशी सकाळी कोल्हापूर. सहा दिवसांतले दोन अर्धे वजा केले की दहा अर्धे दिवस उरतात. आता एका गावातून दुसऱ्या गावात मुक्काम हलवायचा, तर सामान बांधणे, विमानतळावर आधी पोहोचणे, पलीकडे उतरून पुन्हा शहरात येणे, यात विमान दीड तासाचे असले तरी अर्धा दिवस जातोच. आठ ठिकाणे म्हणजे असे सात बदल. प्रत्यक्ष पाहण्यासाठी तीन अर्धे दिवस उरतात आणि तेवढ्यात आठ ठिकाणे पाहायची, असा तो हिशेब होता.

हा देश नकाशावर अरुंद दिसतो, पण लांब फार आहे. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेमार्ग १७२६ किलोमीटरचा असून गाडीला तीस तासांहून अधिक वेळ लागतो. सापा हनोईपासून तीनशेहून अधिक किलोमीटरवर आहे आणि बसने एका बाजूलाच पाच-सहा तास जातात. हो ची मिन्ह यांचे स्मारकगृह फक्त सकाळी उघडे असते आणि सोमवारी व शुक्रवारी बंद असते, म्हणजे हनोईतली कोणती सकाळ कशासाठी ठेवायची हेही वार पाहूनच ठरवावे लागते.

म्हणून माझे मत असे झाले आहे की पहिल्या परदेश प्रवासात मुक्कामाची गावे दोनच असावीत. हनोईत राहून निन्ह बिन्ह आणि हा लाँग करायचे, मग थेट विमानाने हो ची मिन्ह सिटी गाठून तिथूनच परतायचे आणि मधला हुए-होई आनचा पट्टा पूर्ण सोडायचा. घरात यावर एकमत नाही. आपली मते स्पष्टपणे मांडावीत.

मंगळवार पेठ :

ताई, आपला हिशेब चोख आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मी तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात पाच जणांसह आठ दिवसांत हनोई, दा नांग, होई आन आणि हो ची मिन्ह सिटी असा प्रवास केला आहे. दमलो, हे खरे. पण आज घरात कोणाला व्हिएतनाम आठवते तेव्हा होई आनच आठवते. तिथल्या जुन्या पेठेतली पिवळ्या भिंतींची घरे आणि संध्याकाळी नदीकाठी लागणारे कागदी कंदील आमच्या मुलांच्या मनातून गेलेले नाहीत. आपण नेमके तेच गाळत आहात.

‘कमी पाहा, पण निवांत पाहा’ हा सल्ला दर वर्षी परदेशी जाणाऱ्या माणसाला शोभतो, कारण राहिलेले तो पुढच्या वेळी पाहू शकतो. आपल्यासारख्या पगारदार घरातली माणसे त्या देशात बहुधा एकदाच जातात. मुंबईहून जाण्यायेण्याच्या चार तिकिटांचा खर्च एकदा झाला की देशातल्या देशात आणखी एक विमान धरण्याचा खर्च त्या मानाने थोडा असतो. हा खर्च वाचवून होई आन गमावणे मला व्यवहार्य वाटत नाही. आपले लोक यात्रा कंपनीच्या बसने काशी, प्रयाग, अयोध्या करून येतात, पहाटे चारला उठतात आणि तरीही पुढल्या वर्षी पुन्हा नाव नोंदवतात. दगदग सोसण्याची सवय आपल्याला आहे.

आणखी एक. प्रवासात गेलेला अर्धा दिवस आपण वाया गेला असे धरता. हुएहून दा नांगला रेल्वेने जाताना हाय व्हॅन घाटात गाडी एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी वळणे घेत जाते. ते शंभरेक किलोमीटर पाहण्यासाठीच आहेत. असा अर्धा दिवस कोणत्या रकान्यात मांडाल?

कसबा बावडा :

मंगळवार पेठेतल्या दादांनी स्वतःच सांगितले आहे की ते मार्चमध्ये गेले होते. ताई नोव्हेंबरात जात आहेत. या एका फरकापुढे बाकीचा वाद मला गौण वाटतो आणि ताईंच्या मोजणीतही तो आलेला नाही याचे आश्चर्य वाटते.

आपल्याकडे नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीला अडतात आणि जून-जुलैत गगनबावड्याला धो धो पाऊस पडतो. व्हिएतनामच्या मध्य भागात हाच प्रकार उलट्या दिशेने आणि उलट्या ऋतूत घडतो. ईशान्येकडून समुद्रावरून येणारे वारे तिथल्या त्रुओंग सोन डोंगररांगेला अडतात, त्यात वादळांची भर पडते, आणि हुए, दा नांग, होई आन या पट्ट्यात वर्षातला सर्वाधिक पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोसळतो. त्याच दिवसांत हनोईला कोरडी, सुखद हवा असते आणि दक्षिणेतला पावसाळा संपत आलेला असतो. एका देशात एकाच आठवड्यात तीन हवामाने असतात, हे पहिल्यांदा जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

होई आन थू बोन नदीच्या मुखाजवळ वसले आहे. पूर आला की ज्या पेठेत कंदील लागतात त्याच पेठेत पाणी शिरते आणि होड्या चालतात. राजाराम बंधाऱ्यावर पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आम्हा बावडेकरांना पाठ आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेने काय केले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कोणी परदेशी पाहुणा पन्हाळा-जोतिबा-रंकाळा असा घट्ट आराखडा घेऊन आला, तर आपण त्याला काय सांगू, याचा विचार करावा.

मी स्वतः नोव्हेंबरात दा नांगला दोन दिवस हॉटेलच्या खिडकीतून पाऊस पाहिला आहे. पुढचे विमान रद्द झाले, नवे तिकीट स्वतःच्या पैशाने घ्यावे लागले आणि त्या सगळ्यात हनोईचे दोन दिवस गेले. मध्य भाग सोडावा या ताईंच्या मताशी मी सहमत आहे. कारण मात्र थकवा हे नसून पाऊस हे आहे, आणि मेमध्ये जाणाऱ्याला मी नेमका उलटा सल्ला देईन.

सागरमाळ :

पावसाचा मुद्दा मान्य करूनही मला मध्य भागाची बाजू मांडावीशी वाटते, कारण वर कोणीही ‘मी सन’ या मंदिरसमूहाचे नाव घेतलेले नाही. होई आनपासून सुमारे ४० किलोमीटरवर डोंगरांच्या खोलगट कुशीत चंपा या तिथल्या प्राचीन राज्याच्या राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरे आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मा राजाने तिथे भद्रेश्वर नावाने शिवाची स्थापना केली आणि पुढे तेराव्या शतकापर्यंत तिथे बांधकाम होत राहिले. संस्कृत शिलालेख आजही तिथे उभे आहेत. १९६९ मध्ये अमेरिकी बाँबफेकीत त्यातली अनेक मंदिरे कोसळली. १९९९ मध्ये युनेस्कोने होई आनबरोबरच या स्थळाला जागतिक वारसा ठरवले आणि अलीकडे आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिथे जतनाचे काम केले. त्या कामातच २०२० मध्ये नवव्या शतकातले वालुकाश्माचे अखंड शिवलिंग सापडले.

खिद्रापूरच्या कोपेश्वरापुढे उभे राहून ज्यांचे मन भरून येते, त्या कोल्हापूरच्या माणसाने व्हिएतनामला जावे आणि मी सन न पाहता परत यावे, हे मला फार लागते. आराखडा वास्तवाला धरून हवा हे खरे, पण आपण इतक्या लांब कशासाठी जातो आहोत हा प्रश्न त्या वास्तवाचाच भाग आहे. सातवीतल्या मुलाला इतिहासाच्या पुस्तकाबाहेरचा इतिहास दाखवण्याची संधी पुन्हा कधी येईल?

ताईंनी मध्य भाग सोडायचेच ठरवले असेल तर एक करावे. हनोईच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात चंपा शिल्पे आहेत आणि हो ची मिन्ह सिटीच्या इतिहास संग्रहालयातही आहेत. यांपैकी एकासाठी पूर्ण अर्धा दिवस राखावा. मंदिरांची सर त्याला येणार नाही, पण छताखाली असल्यामुळे पावसाची धास्ती राहणार नाही.

ताराबाई पार्क :

मी ७१ वर्षांची आहे आणि गेल्या काही वर्षांत मुलाबरोबर तीन देश पाहून आले आहे. वरची सगळी चर्चा वाचली. सासूबाईंचे वय सांगितले आहे, पण त्यांना काय पाहायचे आहे हे कोठेही आलेले नाही. त्यांना विचारले आहे का?

तरुण मंडळी असे गृहीत धरतात की म्हाताऱ्या माणसाला कमी पाहायचे असते. माझा अनुभव उलट आहे. आमच्याकडे वर्षे थोडी उरली आहेत, म्हणून जास्त पाहावेसे वाटते. गावे वाढल्याने मी दमत नाही. रोज पहाटे बॅग भरणे, जिने चढणे आणि जेवणाची वेळ चुकणे याने दमते. दुपारी दीड तास पाठ टेकायला मिळाली तर संध्याकाळी मी नातवाच्या पुढे चालते. म्हणून गावे दोन की चार यावर भांडण्यापेक्षा रोजची दुपार मोकळी राहते का, हे आधी पाहावे.

निन्ह बिन्हला ट्रांग आनची होडी घ्यावी. चुनखडीच्या डोंगरांमधून आणि पाण्याच्या गुहांमधून सुमारे तीन तास ती फिरवून आणते, आणि मधल्या देवळांपाशी उतरायचे नसेल तर बसून राहता येते. मात्र तिथलीच मुआ टेकडी सुमारे ५०० पायऱ्यांची आहे. मुलगा आणि त्याचे वडील चढोत, आपण दोघींनी खाली चहा घ्यावा.

जेवणाचे एक सांगते, कारण शाकाहारी माणसाचा अर्धा दिवस तिथे जेवण शोधण्यात जातो. ‘चाय’ हा शब्द लिहून जवळ ठेवावा. ही पाटी असलेल्या खाणावळीत बौद्ध पद्धतीचे शाकाहारी जेवण मिळते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथले अनेक लोक स्वतःही असेच जेवतात. इतर ठिकाणी भाजीतसुद्धा ‘नुओक माम’ म्हणजे मासळीपासून केलेले पाणी घालतात, ते घालू नका असे सांगावे लागते. बरोबर मेतकूट आणि दशम्या असू द्याव्यात.

मंगळवार पेठ :

बावड्याच्या दादांचे पावसाबद्दलचे म्हणणे मी मान्य करतो. मी कोरड्या दिवसांत गेलो होतो आणि तो फरक मी विचारात घेतला नव्हता. तरीही माझा मूळ आक्षेप कायम आहे. मध्य भाग नको असेल तर त्या मोकळ्या झालेल्या दिवसांत कू चीची युद्धकाळातली भुयारे आणि मेकाँग घ्यावेत. कू ची हो ची मिन्ह सिटीपासून साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. मोकळा ठेवलेला अर्धा दिवस शेवटी दुकानांत जातो, हे मी माझ्याच घरात पाहिले आहे. काकूंनीही जास्त पाहावेसे वाटते असेच म्हटले आहे, हे ताईंनी लक्षात घ्यावे.

राजारामपुरी :

ताराबाई पार्कच्या काकूंचा प्रश्न वाचून मला वाईट वाटले, कारण सासूबाईंना आम्ही जेवणाखाण्यापलीकडे काहीच विचारले नव्हते. काल रात्री नकाशा त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी सगळी ठिकाणे नीट ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाल्या की आयुष्यात एक रात्र पाण्यावर झोपायचे आहे, बाकी तुम्ही न्याल तिकडे येईन.

यामुळे माझा स्वतःचा आराखडाही बदलला आहे. हा लाँगची मुक्कामाची बोट दुपारी बाराच्या सुमारास निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत काठाला लागते. तिथून हनोईला परतायला अडीच-तीन तास धरले, तर त्याच दिवशी दक्षिणेचे विमान पकडणे म्हणजे ज्या धावपळीपासून मी दूर जाऊ पाहत होते तीच पुन्हा ओढवून घेणे होते. म्हणून आम्ही हो ची मिन्ह सिटीही सोडली आहे. मुक्कामाचे गाव एकच, हनोई. परतीचे विमानही तिथूनच. मंगळवार पेठेतल्या दादांना हे मुळीच आवडणार नाही याची मला कल्पना आहे आणि त्यांचा मुद्दा चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. होई आन पाहायला आम्ही कदाचित कधीच जाणार नाही. ते मी पूर्ण विचार करून सोडले आहे.

बावड्याच्या दादांच्या अनुभवामुळे क्रमही बदलला. वादळाचा इशारा मिळाला की हा लाँगच्या बोटी बंद ठेवतात. आधी मी बोट शेवटी ठेवली होती, आता ती चौथ्या-पाचव्या दिवशी घेतली आहे, म्हणजे सुटणे रद्द झालेच तर सहावा-सातवा दिवस हाताशी राहील. तसे झाले नाही तर सहाव्या दिवशी ट्रांग आनची होडी. सातव्या दिवशी सकाळी सागरमाळच्या सरांनी सांगितलेले इतिहास संग्रहालय, मुलाने त्यासाठी मी सनची माहिती वहीत उतरवायला घेतली आहे. त्या दिवसाची दुपार मी कोरी ठेवली आहे आणि ती कोरीच राहील. स्मारकगृहासाठी सोमवार आणि शुक्रवार टाळून आठव्या दिवसाची सकाळ धरली आहे.

आता ई-व्हिसाचा अर्ज. एकदा प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर आहे आणि मुदत ९० दिवसांपर्यंत मिळते. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी इतर अनेक संकेतस्थळे जास्त पैसे घेतात, म्हणून यजमान पत्ता दोनदा तपासून मगच भरणार आहेत. कोणत्या ठिकाणाहून देशात शिरणार आणि कोठून बाहेर पडणार हे अर्जात लिहावे लागते. दोन्ही रकान्यांत हनोई लिहिले आहे. सासूबाईंचे नाव पासपोर्टवर आहे अगदी तसेच अक्षर न् अक्षर जुळवून झाले की उद्या अर्ज पाठवू.